बाहेर पडणाऱ्याचे घर कोठे?

बंगळूरच्या शिवाजीनगरात दरवर्षी ८ सप्टेंबर रोजी सेंट मेरी बॅसिलिकाचा उत्सव भरतो. रथ निघतो, रस्ते माणसांनी फुलतात, आणि त्या गर्दीत ख्रिस्ती नसलेले भाविकही मोठ्या संख्येने असतात. २०२५ च्या उत्सवात कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी तेथील नियोजित मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस करू, असे आश्वासन दिले. लगेच महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यात छत्रपती शिवाजी महाराजांचा अवमान पाहिला आणि दोन राज्यांच्या वृत्तपत्रांना काही दिवस पुरेल एवढा मजकूर मिळाला. या वादात कोणत्या समाजाला काय वाटेल, कोणाची मते कोठे वळतील, याची सर्वांनी कसून मोजदाद केली. या मोजदादीत एका माणसाची नोंद मात्र कोणीही केली नाही. तो माणूस म्हणजे आपल्या धर्मसमूहातून बाहेर पडलेला, किंवा बाहेर पडू पाहणारा माणूस. त्याच्या नावाचे स्थानक कोठेच नसते. त्याच्यामागे मतांचा गठ्ठा नसतो. म्हणून त्याचा प्रश्नही नसतो, असे प्रस्थापित राजकारण धरून चालते. कामगारवर्गाच्या पक्षाला मात्र तसे धरून चालता येणार नाही.

शिवाजीनगर ही वस्ती या प्रश्नाचा विचार करण्यास फार योग्य आहे. १८०९ पासून वसत गेलेल्या इंग्रजी छावणीच्या आश्रयाने ही वस्ती वाढली. जुन्या काळी तिला ब्लॅकपल्ली म्हणत. छावणीला लागणारे हमाल, गवंडी, खाटीक, शिंपी, स्वयंपाकी, नोकरचाकर आसपासच्या प्रदेशांतून येथे आले. तमिळ, उर्दू, कन्नड अशा भाषा एकाच गल्लीत नांदू लागल्या. १९२७ साली उभारलेले रसेल मार्केट, जुन्या सुट्या भागांची गुजरी, देवळे, मशिदी आणि चर्च हे सारे चालत जाता येईल इतक्या अंतरात आहे. येथे प्रत्येक धर्माचे दार उघडे दिसते. आत जाण्याची दारे पुष्कळ आहेत. बाहेर पडण्याचे दार मात्र शोधावे लागते.

समजा, या गुजरीत एखादा तरुण मजूर काम करतो. त्याचा पंथ कडक शिस्तीचा आहे. एके दिवशी त्याला प्रश्न पडू लागतात आणि तो प्रार्थनेला जाणे सोडतो, वर्गणी देणे थांबवतो, धर्मगुरूच्या आज्ञेचे कारण विचारतो. त्याचा धर्म कोणता, हे येथे सांगण्याची गरज नाही. तपशील थोडे बदलतील, गोष्ट तीच राहील. दुकानाचा मालक त्याच पंथाचा आहे. राहण्याची खोली पंथातल्याच कोणाच्या ओळखीने मिळाली आहे. वाणी उधार देतो तो बापाचे नाव पाहून देतो. बहिणीचे लग्न ठरायचे आहे आणि वरपक्ष भावाची चौकशी करणार आहे. आई आजारी आहे. उद्या ती गेली तर खांदा द्यायला चार माणसे आणि पुरायला वा जाळायला जागा लागणार आहे. त्या तरुणाच्या मनात उठलेली शंका तत्त्वज्ञानाची असेल. परंतु तिची किंमत त्याला मजुरीत, भाड्यात, उधारीत आणि नातेसंबंधांत मोजावी लागते. तो तरुण नसून तरुणी असेल, तर ही किंमत अनेक पटींनी वाढते. कारण बाहेर पडण्याच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच तिला घराचे दार ओलांडावे लागते.

श्रद्धेचे स्वातंत्र्य ही केवळ मनाची बाब आहे, हा भ्रम येथे गळून पडतो. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु ज्याचे पोट, छप्पर आणि स्मशान या तिन्ही गोष्टी समूहाच्या मुठीत आहेत, त्याच्या हाती हे स्वातंत्र्य केवळ कागदावर उरते.

मराठी माणसाला ही कथा परकी नाही. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले आणि त्यांच्या मुलांना संन्याशाची पोरे म्हणून हिणवले, अशी परंपरेने सांगितलेली हकीकत घराघरांत ठाऊक आहे. त्या मुलांत ज्ञानेश्वर होते म्हणून ती हकीकत आठवणीत राहिली. ज्यांच्या घरात ज्ञानेश्वर जन्मले नाहीत, अशा किती वाळीत टाकलेल्या कुटुंबांची नोंद इतिहासाने ठेवली? एकोणिसाव्या शतकात गोपाळ गणेश आगरकरांनी विवेकाचा कैवार घेतला, तेव्हा पुण्याच्या सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. समूह सोडणारा माणूस समूहाच्या लेखी मेलेला असतो, हे त्या तमाशाने उघडपणे सांगून टाकले.

विसाव्या शतकातील सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या दाऊदी बोहरा समाजातील सुधारणावादी चळवळीचे आहे. या पंथात वयात येताना धर्मप्रमुखाशी एकनिष्ठेची शपथ घेतली जाते. तिला मिसाक म्हणतात. विवाहापासून दफनापर्यंतच्या विधींना धर्मपीठाची अनुमती लागते. ही अनुमती नाकारणे आणि बारात, म्हणजे बहिष्कार, पुकारणे, हे विरोधकांना नमविण्याचे हत्यार म्हणून वापरले जाते, असा सुधारकांचा आरोप होता. धर्मपीठाने तो सातत्याने नाकारला. मुंबई राज्याच्या विधिमंडळाने १९४९ साली बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला होता. परंतु १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो घटनाबाह्य ठरविला. धर्मसंस्थेला आपल्या अंतर्गत बाबींची व्यवस्था पाहण्याचा हक्क आहे आणि धार्मिक कारणास्तव बहिष्कृत करणे हा त्याचाच भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी भिन्नमत नोंदविले. बहिष्कृत माणूस आपल्या समूहात जवळजवळ अस्पृश्य होऊन जातो, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. बहुमताच्या निकालात संस्थेचा हक्क बोलला, भिन्नमतात माणसाचा. कायदा पडला तो माणसाच्या बाजूचा.

पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी उदयपूर येथील बोहरा तरुणांनी उठाव केला. न्यायमूर्ती नरेंद्र नथवानी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी आयोगाने १९७९ साली अहवाल दिला आणि बहिष्काराच्या भीतीखाली नागरी स्वातंत्र्य कसे चेपले जाते, हे देशासमोर आले. बहिष्कारासंबंधीचा खटला १९८६ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२३ च्या फेब्रुवारीत तो नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपविला गेला. एक पिढी तारखांची वाट पाहत म्हातारी झाली. दरम्यान, जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध झालेल्या दीर्घ लढ्यामुळे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. विधिमंडळाने तो २०१६ साली मंजूर केला आणि २०१७ साली तो अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे महत्त्वाचे पाऊल होय. तथापि गुन्हेगाराला शिक्षा झाली म्हणून बहिष्कृताच्या घरी दिवा लागत नाही. ज्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याच्याशी बोलण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकत नाही.

उदयपूरच्या सुधारकांनी जे केले त्यातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ते एकेकटे बाहेर पडले नाहीत. शेकडो कुटुंबे एकत्र उभी राहिली. त्यांनी स्वतःची सहकारी बँक काढली, शाळा काढली, लग्नकार्ये व अंत्यविधी आपसांत पार पाडले. धर्मपीठाच्या ताब्यात असलेल्या एकेका भौतिक गरजेला त्यांनी पर्याय उभा केला. त्यामुळे त्यांचा विद्रोह टिकला. एकटा बाहेर पडतो तो निर्वासित होतो. समुदायाने बाहेर पडतात ते नवा समाज घडवितात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे पूर्णपणे उमगले होते. १९३५ साली येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. या दोन दिवसांमध्ये एकवीस वर्षांचे अंतर आहे. त्या एकवीस वर्षांत त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापला, महाविद्यालये उभारली, घटना लिहिली. स्वतःपुरता धर्म बदलणे त्यांना एका दिवसात शक्य होते. लाखोंसह बाहेर पडण्यासाठी इतका काळ लागला. आणि तरीही बाहेर पडणाऱ्यांना किंमत चुकली नाही. अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. धर्मांतरित ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना त्या यादीचे दार बंदच राहिले. गळ्यातला ताईत काढला तरी पाठीवरचा जातीचा भार उतरत नाही, पण सवलत मात्र उतरते, असा हा राज्यसंस्थेचा न्याय आहे.

समूह सोडल्यानंतर माणसाच्या श्रद्धेचे काय होते? येथे पक्षातील अनेक कार्यकर्त्यांची समजूत अपुरी आहे. धर्मगुरूविरुद्ध उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी नास्तिक होईल, अशी त्यांची अपेक्षा असते आणि तो तसा झाला नाही की त्यांचा विरस होतो. प्रत्यक्षात वाटा अनेक असतात. बोहरा सुधारकांचे नेते असगर अली इंजिनिअर हे एका आमिलाचे, म्हणजे धर्मपीठाच्या स्थानिक प्रतिनिधीचे पुत्र. त्यांनी मुंबई महानगरपालिकेत अभियंता म्हणून नोकरी केली, १९७७ साली उदयपूरच्या परिषदेत चळवळीचे सरचिटणीसपद स्वीकारले, मारहाण सोसली. परंतु २०१३ साली मृत्यू येईपर्यंत ते श्रद्धावान मुसलमानच राहिले. न्याय आणि समता हाच त्यांना धर्माचा अर्थ वाटत होता. हमीद दलवाई यांची वाट वेगळी. १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांसह त्यांनी मुंबईच्या विधिमंडळावर मोर्चा नेला, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. १९७७ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार कोणताही धर्मविधी न करता त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. कर्नाटकातील लेखिका बानू मुश्ताक यांची आणखी तिसरी वाट. मशिदीत स्त्रियांना प्रवेश असावा असे म्हटल्याबद्दल २००० साली त्यांच्यावर सामाजिक बहिष्कार घालण्यात आला. त्या समाज सोडून गेल्या नाहीत. आतच उभ्या राहून लिहीत राहिल्या. २०२५ साली त्यांच्या कथांना आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला, तेव्हा तेच लेखन साऱ्या जगाने वाचले.

या तिघांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. दलवाईंच्या मांडणीशी डाव्या चळवळीचे मतभेद होते आणि ते लपविण्याचे कारण नाही. परंतु तिघांच्या आयुष्यात एक गोष्ट समान आहे: आज्ञेऐवजी विवेक. माणूस कोणत्या निष्कर्षाला पोहोचतो, हा त्याचा प्रश्न. त्याला निष्कर्षापर्यंत जाण्याची मोकळीक आहे की नाही, हा समाजाचा प्रश्न. श्रद्धा वर्षानुवर्षे विरघळते, कधी नव्या आकारात गोठते. उपास सुटतो, पण सणाच्या दिवशी आईच्या हातच्या पदार्थाची आठवण सुटत नाही. देवावरचा विश्वास उडतो, पण संकटात ओठ जुनेच शब्द पुटपुटतात. यात ढोंग नाही. जुने जग मनातून जाण्यास वेळ लागतो, कारण ते केवळ विचारांचे जग नव्हते. त्यात आई, बाप, भाषा आणि बालपण होते. लेनिन यांनी १९०५ साली धर्मासंबंधी लिहिताना पक्षाच्या कार्यक्रमात नास्तिकतेची अट घालण्यास नकार दिला होता, त्यामागे श्रमिकांच्या जीवनाची हीच जाण होती. स्वर्गाबद्दल मतभेद असलेले कामगार पृथ्वीवरील लढ्यात एकत्र राहावेत, ही त्यांची दृष्टी होती.

कोणी म्हणेल, अल्पसंख्य गरिबांना त्यांचा समूह हाच एकमेव आधार असताना त्यावर टीका करणे योग्य आहे काय? हा आक्षेप गंभीर आहे. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये दूरदर्शनच्या उर्दू बातम्यांचे निमित्त होऊन बंगळुरात दंगल पेटली आणि माणसे मारली गेली. अशा वेळी सामान्य मुसलमान कोणाकडे धावला? राज्ययंत्रणेवर त्याचा भरवसा नव्हता. तो आपल्या मोहल्ल्याकडे धावला. जमातवादी हल्ला जितका तीव्र, तितकी समूहाची भिंत उंच होते आणि भिंतीच्या आत धर्मगुरूची सत्ता वाढते. बाहेरचा धर्मांध आणि आतला कर्मठ हे एकमेकांचे शत्रू म्हणवतात, पण एकमेकांना पोसतात.

तथापि या आधाराचे वर्गस्वरूपही पाहिले पाहिजे. शिवाजीनगरातच लेडी कर्झन रस्त्यावर आय. एम. ए. या कंपनीचे कार्यालय होते. व्याजाऐवजी धर्मसंमत नफा देण्याच्या नावाखाली तिने ठेवी गोळा केल्या. ठेवीदारांत बहुसंख्य मुसलमान होते. त्यांत निवृत्तिवेतन ठेवणारे होते, मुलीच्या लग्नासाठी पै पै जमविणाऱ्या विधवा होत्या. २०१९ च्या जूनमध्ये कंपनी कोसळली, प्रवर्तक दुबईला निघून गेला आणि चाळीस हजारांहून अधिक तक्रारी दाखल झाल्या. पुढे परतल्यावर त्याला अटक झाली. समूहाचा विश्वास हे भांडवल बनते, तेव्हा नफा वर जातो आणि तोटा तळाशी राहतो. बंद समूहात सारे भाऊ असतात असे सांगितले जाते. हिशेबाच्या दिवशी मात्र भावांत मालक आणि मजूर असा भेद उघडा पडतो. गरिबाला समूहाचा आधार हवा असतो, कारण समाजाने त्याला दुसरा आधार दिलेला नाही. तो दुसरा आधार निर्माण करणे, हेच त्या भिंतीवरचे खरे उत्तर आहे.

याच संदर्भात आणखी एका धोक्याबाबत सावध राहिले पाहिजे. धर्म सोडलेल्या मुसलमानाची किंवा ख्रिस्ती माणसाची कैफियत हिंदुत्ववादी मंडळी मोठ्या प्रेमाने ऐकतात. त्याचे दुःख त्यांना नको असते; त्याची साक्ष हवी असते. त्याच्या जुन्या शेजाऱ्यांवर फेकण्यासाठी त्यांना दगड हवा असतो. हेच लोक आपल्या धर्मातून कोणी बाहेर निघाला की धर्मांतरविरोधी कायदे करतात आणि जिल्हाधिकाऱ्याकडे आगाऊ नोटीस मागतात. कोइमतूर येथे २०१७ च्या मार्चमध्ये मुस्लिम घरात जन्मलेल्या एका नास्तिक तरुणाचा खून झाला. तो द्रविड चळवळीचा कार्यकर्ता होता. खुनानंतर त्याच्या पित्याने मुलाच्याच संघटनेत काम करण्याची इच्छा जाहीर केली. त्याने सूडाची भाषा केली नाही. मुलाचा विचार उचलला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला बंगळुरात गौरी लंकेश यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याआधी पुण्यात नरेंद्र दाभोलकर, कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि धारवाडात एम. एम. कलबुर्गी. विवेकाचा मारेकरी कोणत्याही एका धर्माचा नसतो. पानसरे यांनी शिवाजी कोण होता, हा प्रश्न विचारून रयतेचा राजा रयतेला परत दिला आणि कोल्हापुरात आंतरजातीय विवाहांच्या पाठीशी उभे राहून बाहेर पडणाऱ्या तरुणांना आसराही दिला. शिवाजीनगराच्या नावावरून भांडणाऱ्यांनी त्यांचे ते छोटेसे पुस्तक वाचले असते, तर हे भांडण पहिल्याच दिवशी थांबले असते.

आता प्रश्न पक्षाचा. समूह सोडलेला माणूस युनियनच्या कचेरीत येतो, तेव्हा त्याला काय मिळते? अनेकदा एक पुस्तिका आणि उपदेश. कधी तेही नाही. जमातीच्या प्रमुखांशी असलेले निवडणुकीचे संबंध बिघडू नयेत म्हणून त्याला हळूच टाळले जाते. हे अशोभनीय आहे. त्याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे पक्षातील काही शाखांनी स्वतःच पंथाचे रूप धारण केले आहे. प्रश्न विचारणाऱ्या सभासदाकडे संशयाने पाहणे, पक्ष सोडून गेलेल्या साथीशी बोलणे बंद करणे, त्याच्या घरच्या लग्नालाही न जाणे, या सवयी मार्क्सवादातून आलेल्या नाहीत. त्या जातपंचायतीतून आल्या आहेत. एका कडक पंथातून सुटून आलेल्या माणसाला दुसऱ्या कडक पंथात दाखल करणे, ही मुक्ती नव्हे. पक्षाची शिस्त लढ्यासाठी असते. ती माणसाचे बोलणे-चालणे, सुखदुःख गिळून टाकण्यासाठी नसते.

काय करता येईल? जनगणना आणि सरकारी अर्ज यांपासून आरंभ होऊ शकतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांच्या नावापुढे धर्माची नोंद झाली नाही. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने कोणालाही धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येणार नाही आणि धर्म नाही असे म्हणण्याचाही नागरिकाला अधिकार आहे, असा निर्णय दिला. हा निर्णय किती शाखांनी आपल्या सभासदांना समजावून सांगितला? विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीमुळे जो छळ सोसावा लागतो, त्याविरुद्ध आवाज उठविला पाहिजे आणि नोंदणी कार्यालयात जोडप्यासोबत साक्षीदार म्हणून उभे राहिले पाहिजे. धर्म सोडलेल्या मुस्लिम स्त्रीला वारसा कोणत्या कायद्याने मिळावा, हा प्रश्न केरळमधील एका स्त्रीने सर्वोच्च न्यायालयात नेला; ही लढाई तिने एकटीने लढावी काय? प्रत्येक मोठ्या शहरात धर्म न विचारता अंत्यविधीची सोय व्हावी, ही मागणी नगरपालिकेत नेता येते. कामगार वस्तीत धर्म व जात न विचारता खोली मिळावी, ही मागणी भाडेकरू संघटनेची होऊ शकते. गृहनिर्माण सहकारी संस्था, पतपेढी, वाचनालय, मुलींचे वसतिगृह, ही सारी साधी कामे आहेत. परंतु उदयपूरचा अनुभव सांगतो की अशाच साध्या कामांतून बंदिस्त भिंतीला खिंडार पडते.

शिवाजीनगराच्या गुजरीतील त्या तरुणाकडे शेवटी पुन्हा वळले पाहिजे. देव आहे की नाही, याचे उत्तर तो सावकाश शोधील. त्याला घाई नाही. त्याला घाई आहे ती महिनाअखेरच्या भाड्याची, आईच्या औषधाची आणि संध्याकाळी कोणाशी तरी बोलण्याची. त्या संध्याकाळी कामगार संघटनेच्या कचेरीचे दार उघडे असावे, आत चहा असावा, आणि कोणी त्याला तू आता कोणत्या धर्माचा, असे विचारू नये. त्याची आई गेली तर खांद्यासाठी चार माणसे तेथून निघावीत. एवढे ज्या पक्षाला जमेल, त्याला धर्मावर फार व्याख्याने देण्याची गरज पडणार नाही.